जातिमय खूण आणि नाचणाऱ्या माश्या

सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्तात वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण एक जुनाच मुकदमा घेऊन बुद्धाकडे येतात: मातृपक्षाच्या आणि पितृपक्षाच्या सात पिढ्या शुद्ध असल्या म्हणजे माणूस ब्राह्मण होतो, हे भारद्वाजाचे म्हणणे, तो शीलाने आणि आचाराने होतो, हे वासेट्ठाचे. बुद्ध एकदम निवाडा देत नाही. आधी तो त्या दोघांची दृष्टी मनुष्यसमाजावरून काढून तृणांकडे आणि वृक्षांकडे, तेथून किड्यांकडे, पतंगांकडे आणि मुंग्यांकडे, मग चतुष्पादांकडे, सर्पांकडे, मत्स्यांकडे आणि पक्ष्यांकडे नेतो, आणि प्रत्येक ठिकाणी सांगतो की यांच्या जाती परस्परांहून भिन्न आहेत व त्या भिन्नतेची खूण त्यांच्या अंगावर जन्मतःच उमटलेली आहे. मनुष्याच्या केसांत, कानांत, डोळ्यांत, ओठांत किंवा हातापायांत मात्र तशी जातिमय खूण कोठे आढळत नाही. धर्मानंद कोसंबींनी सुत्तनिपात मराठीत आणला, त्यामुळे हा संवाद आपल्या वाचकांना परका नाही. अश्वघोषाच्या नावावर चालणाऱ्या वज्रसूचीत गाय, हत्ती आणि घोडा यांच्या पावलांचा दाखला याच कामी आला आहे, आणि त्याच नावाच्या उपनिषदाला संत बहिणाबाईंनी मराठी अभंगांचे रूप दिले.

या युक्तिवादाचा उत्तरार्ध आपल्याकडे पुष्कळ चर्चिला गेला, आणि ते योग्यच झाले. परंतु पूर्वार्ध, म्हणजे किड्यामुंग्यांच्या अंगावर त्यांची जात स्पष्ट लिहिलेली असते हे गृहीत, वादी आणि प्रतिवादी दोघांनीही विनातक्रार मान्य केले, कारण गाय आणि घोडा डोळ्यांसमोर ठेवून बोलणाऱ्याला त्यात तक्रार करण्यासारखे काही दिसतच नाही. ज्याने आपले आयुष्य सूक्ष्मदर्शकाच्या नळीवर डोळा लावून माश्यांची वर्गवारी करण्यात घालवले, त्याला मात्र येथेच थांबून, भदंत, ही खूण नेमकी कोणती, असे विचारावेसे वाटेल. तो प्रश्न येथे विचारून पाहावा, असा माझा विचार आहे. आणि त्यासाठी इंग्रजीत ज्यांना डान्स फ्लाय म्हणतात त्या नाचणाऱ्या माश्यांहून अधिक सोयीचे, किंवा खरे म्हणजे अधिक गैरसोयीचे, उदाहरण मला ठाऊक नाही.

उत्तर युरोपात वसंत सरून उन्हाळा लागू लागला की ओढ्यांच्या पाण्यावर, कुंपणांच्या आडोशाला आणि वनातील मोकळ्या जागी दोन-तीन मिलिमीटरांपासून दहा-बारा मिलिमीटरांपर्यंत लांबीच्या या माश्यांचे थवे वरखाली, डावीउजवीकडे असे अखंड हेलकावे घेताना दिसतात. आपण ज्यांना चिलटे म्हणून हाताने झटकून टाकू, त्याच तोलाचा हा जीव. परंतु तो शिकारी आहे, त्याची सोंड टोकदार असून एम्पिस या वंशात ती खाली वळलेली आणि लांब असते, आणि त्याच्या नाचामागे विवाहाची एक विलक्षण वहिवाट आहे. पुष्कळ जातींत नर एखादा लहान कीटक मारून तो भेट म्हणून मादीकडे नेतो आणि ती तो शोषीत असता समागम उरकतो. हिलारा या वंशातील नरांच्या पुढच्या पायांचा एक सांधा फुगीर असतो व त्यात रेशीम स्रवणाऱ्या ग्रंथी असतात. त्या रेशमात तो भक्ष्य गुंडाळतो. गुंडाळता गुंडाळता काही जातींत आवरण वाढत गेले आणि आतले भक्ष्य क्षीण होत गेले, आणि आल्प्स पर्वतातील हिलारा सार्टोर या जातीत तर नराच्या पायांत रेशमाचा नुसता पांढरा पडदा उरला, आत काहीच नाही. हा चमकणारा पडदा म्हणजे काय, याचे कोडे ओस्टेन साकेनसारख्या चाणाक्ष निरीक्षकालाही १८७०च्या दशकात पडले होते. पुढे १९५५ मध्ये एडवर्ड केसेल या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाने भेट मुळीच नसलेल्या जातींपासून रिकाम्या फुग्यापर्यंत आठ पायऱ्या मांडून या वहिवाटीची क्रमकथा लिहिली. कथा इतकी सुबक आहे की ती वाचताना एक गोष्ट सहज निसटते: आठही पायऱ्यांवर बसवलेले प्राणी आज एकाच काळी जिवंत आहेत, आणि समकालीनांना ओळीने उभे केल्याने त्यांतला पहिला शेवटच्याचा पणजोबा होत नाही. वर्गवारी करणाऱ्याची ओळ आणि काळाची ओळ यांची गल्लत ही या विषयातील पहिली खोड होय.

उत्तर अमेरिकेतील राम्फोमिया लॉन्जिकॉडा या जातीने तर आपल्या प्रश्नाला अगदी वेगळेच वळण दिले आहे. तिच्यात थवा जमवतात त्या माद्या, आणि भेट घेऊन त्यांच्यातून निवड करीत फिरतो तो नर. मादी स्वतः शिकार करीत नाही. अंडी पिकविण्यासाठी लागणारे पोषण तिला नराच्या भेटीतूनच मिळवावे लागते, आणि नर तर अंड्यांनी भरलेली मादी पसंत करतो. तेव्हा ती हवा गिळून उदराच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या फुगवते, दाट खवल्यांनी रुंद झालेले पाय त्या उदराभोवती आवळून धरते, आणि मावळत्या प्रकाशात खालून पाहणाऱ्या नराला पोट भरल्याचा भास देते. न्यायशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर फुगलेले उदर हे अंड्यांचे लिंग म्हणून नराने स्वीकारलेले असते, त्यावरून तो अनुमान करतो, आणि हेतू सव्यभिचार निघतो: उदर फुगलेले आहे, पण अंडी तयार नाहीत. बुद्धाने ज्या खुणेवर पूर्वार्ध उभा केला ती खूण येथे त्या प्राण्याच्याच हातचे हत्यार झाली आहे. अंगावरची खूण वाचायला निघालेल्या मानवी परीक्षकाने हे ध्यानात ठेवावे की त्याच्या आधी तेथे पोचलेला, आणि या कामात त्याच्याहून कितीतरी अधिक स्वार्थ गुंतलेला, एक परीक्षक नित्य फसत आला आहे.

आता परीक्षकाच्या टेबलाकडे वळू. तंबूच्या आकाराच्या जाळ्यात उडून वर चढलेल्या आणि मद्यार्काच्या बाटलीत पडलेल्या शेकडो माश्या त्याच्यासमोर येतात. त्यांतील ही कोणती, हे ठरविण्यासाठी त्याच्या हाती एक परिचयसारणी असते, आणि ती सारणी प्रत्येक पायरीवर द्विपर्यायी प्रश्न विचारते: पंखातील अमुक शिरेला फाटा आहे की नाही, पंखाच्या मध्यावरचा कोष्ठ बंद आहे की उघडा, नराचे डोळे कपाळावर भिडलेले आहेत की विलग, मधल्या पायाची मांडी जाड आहे की बारीक. प्रत्येक उत्तराने काही नावे कटतात, आणि शेवटी जे कटले नाही ते नाव माशीला मिळते. नर असेल तर परीक्षक त्याचे उदराग्र पोटॅशच्या द्रावात उकळून, मऊ करून, ग्लिसरीनमध्ये ठेवून जननांगाचे आकडे, पाकळ्या आणि काटे न्याहाळतो, कारण बाहेरून हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या दोन जातींचा फरक पुष्कळदा तेथेच असतो. मादी असेल तर बहुधा काम खोळंबते. वंशापर्यंत नेऊन तिला सोडून द्यावे लागते, आणि नर-मादी एकत्र सापडली नाहीत तर ही मादी कोणत्या नराची हे सांगणारी खूण तिच्या अंगावर नसते. अलीकडे जनुकीय तंतूच्या एका ठरावीक तुकड्यावरून अशी जोडपी जुळवता येऊ लागली आहेत, पण ती खूण डोळ्याला दिसणारी नव्हे, आणि वासेट्ठाला दाखविता येईल अशी तर मुळीच नव्हे.

ही सारणी हाताळताना मला नेहमी बौद्ध तार्किक दिङ्नागाची आठवण होते. गो या शब्दाचा अर्थ गोत्व नावाचा कोणी एक नित्य, अनेकांत समवेत असलेला पदार्थ नसून केवळ अगोंची व्यावृत्ती होय, हा त्याचा अपोहवाद नैयायिकांना अखेरपर्यंत सलत राहिला. परंतु माशीला नाव कसे मिळते याचे इतके यथातथ्य वर्णन दुसऱ्या कोणत्याही दर्शनात नाही. परिचयसारणीच्या शेवटी हाती येते ते इतरांचे निराकरण. त्या जातीचे स्वरूप तेथे कोणी सांगितलेलेच नसते. यावर मीमांसक कुमारिल भट्टाने घेतलेला आक्षेपही या टेबलावर तितकाच जिवंत आहे. गो कळल्याशिवाय अगो कळत नाही, मग अगोच्या व्यावृत्तीने गो कसा कळणार, हे अन्योन्याश्रयाचे संकट आहे. सारणी वापरणाऱ्याला ते जाणवत नाही, कारण सारणी रचणाऱ्याने ते त्याच्या वतीने आधीच सोसलेले असते; जो जे. ई. कॉलिन १९६१ साली ब्रिटनमधील या माश्यांवरचा आपला जाडजूड खंड प्रसिद्ध करतो, त्याने कोणताही प्रश्न लिहिण्यापूर्वी माश्यांचे ढीग डोळ्यांखालून घालून, हे एक आणि ते दुसरे असा कौल मनाशी दिलेला असतो. त्या कौलाचे प्रमाण कोणते, हे अपोहवादाला सांगता येत नाही. वापरणारा बौद्ध असतो आणि रचणारा नैयायिक, असे म्हटले तर या व्यवसायाचे फारसे चुकीचे वर्णन होणार नाही.

परंतु रचणाऱ्याच्याही हातून कधी कधी निव्वळ व्यावृत्तीचेच कुल निर्माण होते. लिनियसने १७५८ मध्ये दोन पंखांच्या साऱ्या कीटकांची व्यवस्था दहा वंशांत लावली, त्यांत एम्पिस हा एक होता. पुढे एकोणिसाव्या शतकात वंश वाढत गेले, एम्पिडिडी हे कुल उभे राहिले, आणि त्याच्या शेजारी डोलिकोपोडिडी, म्हणजे आपल्या बागांतील पानांवरही दिसणाऱ्या, लांब पायांच्या आणि हिरव्या-सोनेरी झळाळीच्या माश्यांचे कुल. झळाळीवाल्यांची ओळख पक्की होती. एम्पिडिडी मात्र, नीट पाहिले तर, या विस्तृत घराण्यातील जे झळाळीवाले नव्हेत ते सारे, इतकाच अर्थ बाळगून होती. जुन्या कचेरीच्या हिशोबात ज्या रकमेला खाते मिळत नाही ती किरकोळ बाबीत पडते, तशी कोठेही न बसणारी प्रत्येक माशी तेथे पडे. प्रागच्या मिलान ख्वालाने १९८३ मध्ये फेनोस्कँडिया आणि डेन्मार्कमधील माश्यांचा अभ्यास करताना ही किरकोळ बाब मोडली आणि हायबोटिडी, अटेलेस्टिडी व मायक्रोफोरिडी ही कुले स्वतंत्र मानली. हायबोटिडींच्या नरांचे उदराग्र उजवीकडे पिळलेले असते, ही त्यांच्या वेगळेपणाची एक खूण. २००६ मध्ये सिंक्लेअर आणि कमिंग यांनी सर्व पुरावा पुन्हा तपासून पाच कुलांचा फैसला दिला, आणि त्यात मायक्रोफोरसच्या गोतावळ्याला चक्क झळाळीवाल्यांच्या दप्तरी वर्ग केले. त्याच फैसल्यात ब्रॅकिस्टोमाटिडी या कुलाची सनद होती, ती २०१८ मधील रेणवीय अभ्यासाने काढून घेतली आणि त्या माश्या पुन्हा एम्पिडिडीत आल्या. त्या काळात माश्यांच्या अंगावरची एक लवही इकडची तिकडे झाली नव्हती.

भारतातील माश्यांचा हिशोब एन्रिको ब्रुनेत्ती याने फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया या मालेतील १९२०च्या खंडात मांडला, तेव्हा हे सारे अजून व्हायचे होते.

कुलांचे राहू द्या. वंशांची अवस्था काही निराळी नाही. एम्पिस आणि राम्फोमिया हे दोन्ही वंश शेकडो जातींचे, आणि त्यांना विभागणारी मुख्य रेषा ती पंखातली: एका शिरेला टोकाशी फाटा असेल तर एम्पिस, नसेल तर राम्फोमिया. पण फाटा नाहीसा होणे ही घटना निरनिराळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे घडू शकते, आणि मग फाटा नसलेल्या दोन माश्या एकमेकींपेक्षा फाटा असलेल्या तिसरीला जवळच्या असू शकतात. शिर एक विभागणी सांगते, जननांगे दुसरी, आणि दोन्ही एकमेकींना छेदून जातात. दहाव्या-अकराव्या शतकातील मिथिलेच्या उदयनाचार्याने एखादा धर्म खरी जाती ठरण्यात येणाऱ्या ज्या सहा बाधा सांगितल्या, त्यांत संकर ही एक आहे. भूतत्व आकाशात आहे, मनात नाही. मूर्तत्व मनात आहे, आकाशात नाही. आणि पृथ्वीत दोन्ही आहेत. ज्या दोन धर्मांचे क्षेत्र असे अर्धवट एकमेकांवर चढते, ते खऱ्या जाती नव्हेत, नुसत्या उपाधी. फाटा नसणे ही उपाधी होय, जाती नव्हे, असे उदयन एका वाक्यात सांगून मोकळा झाला असता. पुढच्या काही नव्य नैयायिकांनी संकराला बाधा मानण्याचे नाकारले हेही खरे, आणि माश्यांवर काम करणारे बहुतेक लोक व्यवहारात त्यांच्याच पंथाचे आहेत. वंश कृत्रिम आहे हे ठाऊक असूनही ते राम्फोमिया म्हणूनच चिठ्ठी लिहितात, कारण दुसरी चिठ्ठी अजून तयार नाही.

तर मग खरी जाती कशाने ठरते? आजच्या शास्त्राचे उत्तर असे की वंशपरंपरेने. एका पूर्वजापासून निघालेली सारी संतती, आणि केवळ तीच, एका गटात यावी; खूण ही त्या परंपरेचा पुरावा म्हणून उपयोगी पडेल, पण खूण म्हणजे जाती नव्हे. जुनी एम्पिडिडी याच कसोटीवर मोडली, कारण तिने एका पूर्वजाची काही संतती ठेवून झळाळीवाली संतती बाहेर काढली होती. येथे मात्र वासेट्ठाच्या पक्षाच्या माणसाने सावध व्हावे, कारण हे उत्तर कुमारिलाच्या फार जवळ जाते. ब्राह्मणत्व नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, हा बौद्धांचा आक्षेप कुमारिलाला ठाऊक होता. त्याचे उत्तर असे की मातापित्यांची परंपरा कळली म्हणजे त्या ज्ञानाच्या साह्याने तेच प्रत्यक्ष होते. खूण अंगावर नसली तरी जाती असू शकते, ती परंपरेत असते, हे त्याचे म्हणणे आणि सूक्ष्मदर्शकाखालच्या माशीचा निकाल शब्दशः जुळतात. भारद्वाजाच्या सात पिढ्यांना कीटकशास्त्राने असा अनपेक्षित साक्षीदार द्यावा, हे मला आरंभी फार अस्वस्थ करणारे वाटले.

परंतु साक्षीदाराची उलटतपासणी केली पाहिजे. दोन जातींच्या माश्यांच्या परंपरा भिन्न आहेत याचा अर्थ त्या एकमेकींशी मिसळत नाहीत, किंवा मिसळल्या तरी त्यातून टिकणारी संतती निपजत नाही. थव्याची जागा, नाचण्याची घटका, भेटीचा प्रकार आणि जननांगांची घडण या साऱ्यांनी मिळून ती भिंत उभी केलेली असते, आणि ती माशीच माशीपुढे उभी करते, परीक्षक नव्हे. मनुष्यांच्या कोणत्याही दोन कुळांमध्ये अशी भिंत नाही. धर्मशास्त्रकारांना वर्णसंकरावर पानेच्या पाने लिहावी लागली हाच त्याचा पुरावा, कारण जे घडूच शकत नाही त्याला दंड सांगण्याची वेळ कोणावर येत नाही. तेव्हा कुमारिलाचे प्रमाण निर्दोष धरले तरी त्याने सिद्ध होते ती एकच अखंड मनुष्यजाती. बुद्धाचा उत्तरार्ध शाबूत राहतो. पूर्वार्ध मात्र दुरुस्त करून घ्यावा लागतो: कीटकांच्या जाती भिन्न आहेत हे खरे, पण ती भिन्नता त्यांच्या अंगावर, पाहणाऱ्याच्या सोयीसाठी, लिहून ठेवलेली नाही.

आता एक शेवटची अडचण, आणि ती मला सर्वांत रसाळ वाटते. जाती म्हणजे परंपरा असे एकदा मान्य केले, की तिला आरंभ आला. ती कोठेतरी दुसरीपासून फुटली, आणि कधीतरी निर्वंश होईल. म्हणजे ती नित्य नाही. तिला स्थळ आणि काळ आहेत. मायकेल गिसेलिन या प्राणिशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये हा विचार टोकाला नेऊन असे मांडले की जाती हा वर्गच नव्हे, ती एक व्यक्ती होय, आणि एकेक माशी तिचा नमुना नसून तिचा अवयव होय. वर्गवारी करणाऱ्यांची रीत या मताला नकळत दुजोरा देते: नव्या जातीचे नाव ते लक्षणाला बांधत नाहीत, संग्रहालयात टाचणीवर किंवा काचपट्टीवर ठेवलेल्या एका विशिष्ट मृत माशीला बांधतात, आणि पुढे लक्षण चुकीचे ठरले, नवे लिहावे लागले, तरी नाव त्या एका देहाशी राहते, जसे एखाद्या माणसाचे नाव त्याच्या स्वभावाचे वर्णन बदलले म्हणून बदलत नाही. आणि उदयनाच्या सहा बाधांतील पहिलीच बाधा व्यक्तीच्या अभेदाची आहे: जे एकच आहे त्याची जाती होत नाही, आकाश एक आहे म्हणून आकाशत्व ही जाती नव्हे. मग हिलारा सार्टोर ही जर एकच दीर्घायुषी व्यक्ती असेल, तर नैयायिकाच्या हिशोबी ती जाती उरत नाही. तिच्या असंख्य माश्यांत समवेत असे सार्टोरत्व शोधण्याचे कारणच नाहीसे होते, आणि अवयव-अवयवीचा संबंध तेवढा सिद्ध करायचा राहतो. तोही सोपा नाही, कारण नैयायिकांच्या अवयवीला त्याच्या अवयवांचा संयोग लागतो, आणि आल्प्सच्या दोन खोऱ्यांत नाचणाऱ्या माश्यांचा संयोग कोणी पाहिला आहे?

यासाठी पदार्थांच्या यादीत नवी नोंद करावी लागेल. नवद्वीपच्या रघुनाथ शिरोमणीने विशेष हा पदार्थ यादीतून काढून टाकला आणि स्वत्व, म्हणजे मालकी, यासारख्या गोष्टी त्या यादीत नव्याने घातल्या. देह आणि काळ ओलांडून चालणाऱ्या संबंधाला स्वतंत्र पदार्थ मानण्याचे धैर्य त्याने एकदा दाखविलेच होते, तेव्हा संततीलाही तो मान द्यायला त्याला फारसे जड गेले नसते. उदयनाने मात्र आधी माशी पाहायला मागितली असती.